नवोदित बुद्धिबळपटूंचे फिडे गुणांकन

फिडे गुणांकन म्हणजे बुद्धिबळपटूच्या खेळाची ताकद दर्शवणारा, जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) प्रसिद्ध केलेला अधिकृत आकडा होय. तो परीक्षा देऊन, अर्ज करून किंवा शुल्क भरून मिळत नाही. नोंदणीकृत स्पर्धेत, आधीपासून गुणांकन असलेल्या खेळाडूंविरुद्ध खेळलेल्या डावांच्या निकालांवरूनच तो काढला जातो. वृत्तपत्रे यालाच अनेकदा 'मानांकन' म्हणतात. परंतु स्पर्धेतील मानांकन, म्हणजे खेळाडूंचा आरंभीचा क्रम, ही वेगळी गोष्ट आहे.

ही पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी विकसित केली आणि फिडेने १९७० मध्ये ती स्वीकारली.

पात्रता

भारतातील खेळाडूला प्रथम अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी करावी लागते. महासंघामार्फत त्याला फिडेचा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे गुणांकन नव्हे. क्रमांक मिळूनही अनेक खेळाडू दीर्घकाळ गुणांकनाविना राहतात.

स्पर्धा फिडेकडे आधीच नोंदवलेली असावी लागते. नवोदिताचे गुणांकन नसलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे डाव, तसेच प्रतिस्पर्धी न आल्यामुळे मिळालेले गुण, हिशेबात धरले जात नाहीत. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर खेळून संकेतस्थळांनी दिलेले आकडेही येथे निरुपयोगी ठरतात. पारंपरिक, जलद (रॅपिड) आणि अतिजलद (ब्लिट्झ) या प्रकारांच्या याद्या स्वतंत्र आहेत.

पहिल्या गुणांकनाची गणना

१ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गुणांकित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान पाच डाव आवश्यक आहेत. ते एकाच स्पर्धेत असण्याची गरज नाही. २६ महिन्यांच्या आतील स्पर्धांचे निकाल एकत्र केले जातात. पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण मिळाल्यास तो निकाल सोडून दिला जातो.

गणना करताना प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांत १८०० गुणांकनाचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी मिळवतात आणि त्यांच्याशी बरोबरी झाली असे मानतात. सर्वांच्या सरासरीत, मिळवलेल्या गुणांच्या टक्केवारीनुसार, फिडेच्या तक्त्यातील फरक अधिक किंवा वजा केला जातो.

समजा, एका मुलीचे पाच प्रतिस्पर्धी १४०५, १४२०, १४४०, १४६५ आणि १५२० गुणांकनाचे आहेत. काल्पनिक दोघांसह सातांची सरासरी १५५० येते. तिने पाच डावांत दीड गुण मिळवला, तर काल्पनिक बरोबरींचा एक गुण धरून सातांपैकी अडीच गुण होतात. हे प्रमाण ३६ टक्के असून तक्त्यातील फरक उणे १०२ आहे. म्हणून तिचे गुणांकन १४४८ ठरते. तिला एकच गुण मिळाला असता, तर प्रमाण २९ टक्के, फरक उणे १५८ आणि आकडा १३९२ आला असता. १४०० पेक्षा कमी गुणांकन प्रसिद्ध होत नसल्यामुळे तिचे नाव यादीत आलेच नसते. एका बरोबरीचे मोल येथे इतके आहे. २०२४ पूर्वी ही किमान मर्यादा १००० होती. पहिले गुणांकन कितीही चांगल्या कामगिरीनंतर २२०० च्या वर दिले जात नाही.

तालुका पातळीवरील खेळाडू

नागपूरने रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख हे ग्रँडमास्टर दिले; दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकही जिंकला. मात्र शहरातील मुलाची आणि त्याच जिल्ह्याच्या वायव्य टोकावरील नरखेड तालुक्यातील मुलाची सुरुवात सारखी नसते. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश आहे आणि विजेता तालुक्यावरून जिल्हा, विभाग व राज्य पातळीपर्यंत जातो. पण या स्पर्धा सहसा गुणांकनासाठी नोंदवलेल्या नसतात. त्यामुळे तालुक्यात अजिंक्य ठरलेला विद्यार्थीही फिडेच्या दृष्टीने गुणांकनरहितच राहू शकतो.

पारंपरिक प्रकारात १८०० पेक्षा कमी गुणांकनाच्या खेळाडूंनाही प्रत्येकी किमान ६० मिनिटे द्यावी लागतात, म्हणून स्पर्धा अनेक दिवस चालते. नरखेड हे दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील स्थानक असून अमरावतीकडे जाणारा मार्गही तेथूनच फुटतो. नागपूर किंवा अमरावती गाठणे त्यामुळे शक्य असले, तरी मुक्काम आणि बुडणारी शाळा यांचा विचार पालकांना करावाच लागतो. अशा खेळाडूंसाठी २६ महिन्यांची सवलत विशेष उपयोगाची आहे: एका सुट्टीत तीन आणि पुढच्या सुट्टीत दोन पात्र डाव झाले, तरी अट पूर्ण होते. स्पर्धा निवडताना बक्षिसाच्या रकमेपेक्षा गुणांकित खेळाडूंची संख्या पाहणे अधिक हिताचे असते.

पहिल्या गुणांकनानंतर

स्पर्धेचे निकाल राष्ट्रीय महासंघामार्फत फिडेकडे जातात आणि यादी दर महिन्याला प्रसिद्ध होते. नव्या खेळाडूसाठी ३० डाव पूर्ण होईपर्यंत बदलाचा गुणक ४० असतो. समान गुणांकनाच्या प्रतिस्पर्ध्याला हरवल्यास २० गुण वाढतात आणि हरल्यास तितकेच घटतात. वयाची १८ वर्षे पूर्ण होणाऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत, गुणांकन २३०० च्या खाली असल्यास, हाच गुणक कायम राहतो. इतरांसाठी तो २० होतो. गुणांकन १४०० च्या खाली घसरल्यास खेळाडूची पुढील यादीत गुणांकनरहित म्हणून नोंद होते आणि पाच डावांची अट त्याला पुन्हा पूर्ण करावी लागते.