सिंड्रेलाच्या आधी उआय शिकवा!

सहावी-सातवीला इंग्रजी शिकवताय? मग थायलंडची ‘प्ला बू थोंग’, म्हणजे सोनेरी माशाची लोककथा, वर्गात आणाच. कथेची नायिका उआय, जणू थायलंडची सिंड्रेलाच. तिची आई मरते आणि सोनेरी मासा होऊन परत येते. सावत्र आई तो मासा शिजवते. उआय खवलं पुरते, तिथे वांग्याचं झाड उगवतं. सावत्र आई वांगीही सोडत नाही! मग बिया पुरल्यावर सोन्या-चांदीच्या पानांचा बोधिवृक्ष उगवतो आणि राजा तिथे थबकतो. (पुढचं सांगत नाही.) भूतकाळाच्या सरावाला याहून चांगलं काय? ‘बिकेम’, ‘टर्न्ड इन्टू’ तर पावलोपावली लागतं. फक्त एक: आईला मारतो तो तिचा नवराच. मुलांना ते कसं सांगायचं, हे ठरवूनच वर्गात जा.