दह्यावाचून झणका

दह्याशिवाय कोशिंबिरीला चव कशी येणार, ही शंका गोव्यात फारशी कुणी काढणार नाही. पिकलेल्या आंब्याचं किंवा अननसाचं सासव तिथे ओलं खोबरं, मोहरी, सुकी मिरची आणि गूळ वाटून होतं. दुधाचा थेंब लागत नाही. ज्यांना दूध पचत नाही किंवा जे ते खात नाहीत, त्यांनी सॅलडसाठी महागड्या बाटल्या शोधण्याऐवजी या वाटणाकडे पाहावं. दही ड्रेसिंगला आंबटपणा आणि दाटपणा देतं, शिवाय तिखटाची धार बोथट करतं. आंबटपणाला लिंबू आहेच. बाकीचं काम फेसलेली मोहरी आणि दाण्याचं कूट मिळून करतात, आणि माझ्या मते दह्यापेक्षा चविष्ट करतात.

अख्खी मोहरी चावली तर आधी कडवट लागते. ती फुटून पाणी लागलं की दाण्यातलं एक विकर जागं होतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. गरम पाण्याने हे विकर मरतं, आंबटाने मंदावतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. एक चमचा बारीक लाल मोहरी खलबत्त्यात कुटावी, दोन चमचे गार पाणी घालून फेसावी आणि दहा मिनिटं झाकून ठेवावी. लिंबू पिळायचं ते त्यानंतर. मग मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचं अगदी बारीक कूट घालून दोन-तीन चमचे तेल थोडं थोडं सोडत घोटावं. मोहरीच्या सालातला चिकट अंश तेल आणि पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मिश्रण दाट होतं, पटकन फुटत नाही. (पिवळी मोहरी वापरली तर जिभेला तिखट लागेल, नाकात मात्र फारसं जाणार नाही.)

यावर पहिला आक्षेप असा की दुधातलं प्रथिन मिरचीचा दाह शमवतं. ते काढलं तर जीभ भाजणार. दुधाबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण मोहरीचा झणका उडून जाणारा असतो, नाकात चढतो आणि क्षणात ओसरतो. रेंगाळते ती मिरची. म्हणून तिखटाचा भार मोहरीवर टाकावा. मिरची हवीच असेल तर आतल्या पांढऱ्या शिरा काढून घालावी, कारण जहालपणा मुख्यतः तिथेच असतो. तो पाण्यात नव्हे, तेलात विरघळतो, आणि दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. दुसरा आक्षेप तेलाचा. सॅलड खायचं आणि वर तेल ओतायचं, हे वजनाची काळजी करणाऱ्यांना पटत नाही. पण गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागतेच, आणि दोन-तीन चमचे तेल चौघांच्या पानांत वाटलं जातं. खरी अडचण तिसरी आहे: शेंगदाणा आणि मोहरी दोन्हींची काहींना ॲलर्जी असते. दाणे चालत नसतील तर ओलं खोबरं वाटून घालावं. ज्यांना मोहरीच चालत नसेल त्यांनी या वाटेला जाऊ नये.

हे ड्रेसिंग जेवणापुरतंच करावं, कारण झणका तासागणिक उतरतो. कच्चा लसूण घातला असेल तर उरलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तेलात बुडालेला लसूण बाहेर राहिला तर त्यात घातक जिवाणू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाही.