छप्पर जळाले, आकाश वाचले

जर्मनीतील एका राजवाड्याच्या छतावर अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इटालियन चित्रकाराने अख्खे आकाश रंगवले. पुढे महायुद्धात शहर बेचिराख झाले, वाड्याचे छप्पर जळून गेले; पण ते आकाश मात्र टिकले. ते कोणामुळे टिकले, त्याची ही कहाणी.

१६ मार्च १९४५. जर्मनीतील मायन नदीकाठचे व्युर्त्सबुर्ग शहर. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. दुसरे महायुद्ध अगदी अखेरच्या टप्प्यात होते. त्या रात्री ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांचा ताफा शहरावर आला. हल्ला चालला जेमतेम वीस मिनिटे. पण तेवढ्यात शहराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग उद्ध्वस्त झाला आणि सुमारे पाच हजार माणसे मृत्युमुखी पडली. जर्मनीने पेटवलेली युद्धाची आग आता तिच्याच घरात शिरली होती आणि त्यात बायका, मुले, म्हातारीकोतारी होरपळत होती.

शहराच्या मध्यभागी उभा असलेला भव्य राजवाडा, म्हणजे ‘रेझिडेन्झ’, हाही पेटला. छपराचे प्रचंड लाकडी वासे धडाधडा जळत खाली कोसळू लागले. दोन्ही बाजूंच्या भागांतील लाकडी तक्तपोशीची दालने एकामागून एक भस्मसात झाली. मधल्या भागात, मुख्य जिन्यावर मात्र एक दगडी कमानी छत होते. जळते वासे त्या छताच्या पाठीवर येऊन पडले. त्याच छताच्या पोटाकडच्या बाजूला होते जगातील सर्वांत मोठ्या छतचित्रांपैकी एक.

सकाळ झाली. वाडा उघडाबोडका झाला होता. पण जिन्यावरचे छत जागच्या जागी होते!

विणकराच्या मुलाला वाड्याचे काम

या छताची गोष्ट समजून घ्यायची तर १७२० सालाकडे जावे लागेल. व्युर्त्सबुर्गवर त्या काळी बिशपचे राज्य असे. तोच धर्मगुरू आणि तोच राजा. योहान फिलिप फ्रांत्स फॉन श्योनबॉर्न हा १७१९ साली गादीवर आला तेव्हा त्याला डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यात राहणे पसंत पडेना. शहरात नवा वाडा हवा! आधीच्या राजवटीतील एका अधिकाऱ्याकडून अपहाराची मोठी रक्कम वसूल झाल्याने पैशाची सोयही झाली.

वाड्याचे काम सोपवले गेले बाल्टाझार नॉयमान या तेहेतीस वर्षांच्या तरुणाकडे. बोहेमियातील एगर गावच्या एका विणकराचा हा मुलगा. त्याचे मूळ शिक्षण घंटा आणि तोफा ओतण्याचे. व्युर्त्सबुर्गला तो ओतारी कारागीर म्हणूनच आला होता. इथे त्याने भूमिती आणि बांधकामशास्त्र शिकून घेतले, तोफखान्यात नोकरी धरली आणि तुर्कांविरुद्धच्या मोहिमेतही भाग घेतला. मोठी इमारत मात्र त्याने तोवर एकही उभारली नव्हती.

साहजिकच त्याच्या डोक्यावर मोठमोठे सल्लागार बसवण्यात आले. १७२३ साली त्याला आराखडे घेऊन पॅरिसला पाठवले गेले. तेथील नामवंत वास्तुकारांनी त्यात आपापल्या सूचना घातल्या. व्हिएन्नाचा प्रसिद्ध वास्तुकार हिल्डेब्रांट यानेही पुढे बरीच ढवळाढवळ केली. नॉयमानने सगळ्यांचे ऐकून घेतले, घेण्याजोगे घेतले आणि काम सुरू ठेवले. एकामागून एक राज्यकर्ते आले आणि गेले. एकाने तर १७४६ साली त्याला पदावरून दूरही केले. १७४९ साली नवा बिशप आला आणि त्याने नॉयमानला सन्मानाने परत बोलावले.

खांब नाही, आधार नाही

पदच्युतीच्या आधीच, १७४२-४३ च्या सुमारास, नॉयमानने आपल्या आयुष्यातील सर्वांत धाडसी काम पुरे केले होते. ते म्हणजे जिन्यावरचे छत. सुमारे तीस मीटर लांब आणि अठरा मीटर रुंद, म्हणजे शंभर फूट बाय साठ फूट! आणि मध्ये एकही खांब नाही.

दगडाची कमान स्वतःच्या वजनाने खाली बसायला आणि बाजूच्या भिंती बाहेर ढकलायला बघते. कमान जितकी रुंद आणि जितकी पसरट, तितका हा रेटा अधिक. नॉयमानने छतासाठी हलका, सच्छिद्र दगड वापरला आणि सगळा भार भोवतालच्या भक्कम भिंतींवर वाहून नेला. अनेकांना हे छत कोसळणार याची खात्रीच होती. अशी आख्यायिका सांगतात, की हे छत टिकले तर मी स्वतःला फाशी लावून घेईन, असे हिल्डेब्रांट म्हणाला. त्यावर नॉयमानने उत्तर दिले, हवे तर छताखाली तोफा डागून पाहा! आख्यायिका खरी असो वा नसो, उत्तर मात्र तोफखान्यातल्या माणसाला शोभेसे आहे.

जिन्याची रचनाही मोठी युक्तीची आहे. पाहुण्यांच्या घोडागाड्या थेट वाड्याच्या आत, एका ठेंगण्या आणि काहीशा अंधाऱ्या दालनात येत. तेथून रुंद जिना सुरू होतो. मधल्या टप्प्यावर तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी उलट फिरून वर जातो. चढणाऱ्याला छत एकदम दिसत नाही. पायरीगणिक थोडे थोडे उलगडत जाते. अंधारातून उजेडाकडे, ठेंगण्या जागेतून उंच आकाशाकडे! पाहणाऱ्याला नुसते उभे न ठेवता आपल्यासोबत चालायला लावायचे, हे बरोक कलेचे खास वैशिष्ट्य.

बरोक म्हणजे काय?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये ही शैली आकाराला आली आणि पुढची दीडशे वर्षे युरोपभर गाजली. ‘बरोक’ हा शब्द ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे मानतात. जोरकस हालचाल, उजेड-अंधाराचा खेळ, सोन्याची झळाळी आणि भावनांचा उघड आविष्कार ही तिची ओळख. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चची सोनेरी वेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वळणाची थोडी कल्पना येईल. अठराव्या शतकात याच शैलीला फ्रान्समध्ये नाजूक, खेळकर रूप आले. शिंपल्यांच्या वळणांची नक्षी, फिके रंग, हलकीफुलकी सजावट. ते रोकोको.

नंतरच्या काळात या दोन्ही शैलींना खूप नावे ठेवली गेली. नुसता भपका, नुसती मिठाई, अशी टीका झाली. व्युर्त्सबुर्गचा वाडा पाहताना मात्र ही टीका अपुरी वाटू लागते. इथला भपका ज्या दगडावर उभा आहे, तो दगड खोटा नाही.

तिघे बापलेक

छत तयार झाले. पण त्यावर चित्र काढणार कोण? वाड्यातील रंगकामासाठी आधी एका चित्रकाराला बोलावले होते, पण तो अगदीच तोतया निघाला. मग व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलोकडे निरोप गेला. तिएपोलो तेव्हा युरोपातील सर्वांत नावाजलेला भित्तिचित्रकार होता. डिसेंबर १७५० मध्ये, ऐन थंडीत, तो व्युर्त्सबुर्गला पोहोचला. वय चोपन्न. सोबत दोन मुले. तेवीस वर्षांचा दोमेनिको आणि चौदा वर्षांचा लोरेन्झो. पत्नी चेचिलिया मागे व्हेनिसलाच राहिली.

सुरुवातीला बापलेकांनी वाड्यातील सम्राट-दालन रंगवले. ते पाहून खूश झालेल्या बिशप ग्राइफेनक्लाउने १७५२ च्या उन्हाळ्यात जिन्याचे छतही त्यांच्यावर सोपवले.

अशा चित्रांना फ्रेस्को म्हणतात. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. चुना वाळताना रंग त्यात कायमचा मुरतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज करायचा. गिलावा वाळायच्या आत हात आवरायला हवा. चूक झाली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा पहिल्यापासून. कडाक्याच्या थंडीत हे काम करताच येत नाही. त्यामुळे हिवाळ्यात तिएपोलो तैलचित्रे काढी आणि ऊब आली की पुन्हा परातीवर चढे.

सहाशे चौरस मीटरच्या आसपासचे हे छत तिघांनी १७५३ च्या अखेरीपर्यंत पुरे केले. मध्यभागी उगवता सूर्यदेव अपोलो. चारही कडांवर त्या काळी युरोपला ठाऊक असलेले चार खंड. अमेरिका मगरीवर स्वार, आफ्रिका उंटावर, आशिया हत्तीवर आणि युरोप सिंहासनावर. तिएपोलो युरोपबाहेर कधी गेला नव्हता. बाकीचे जग त्याने ऐकीव माहितीवर आणि पुस्तकांतील चित्रांवर रंगवले. साऱ्या जगाने युरोपपुढे आणि पर्यायाने व्युर्त्सबुर्गच्या बिशपपुढे नतमस्तक व्हावे, हा त्यातला अहंकार आज लपत नाही. बिशपचे चित्र तर थेट ढगांत नेऊन पोहोचवले आहे!

तरीही हे चित्र खुशामतीपुरते उरत नाही. युरोपच्या बाजूला, अगदी समोर, सैनिकी पोशाखातला एक गृहस्थ तोफेला रेलून ऐसपैस बसला आहे. शेजारी कुत्रा. हाच बाल्टाझार नॉयमान. ज्याच्या छतावर चित्र काढायचे, त्यालाच तिएपोलोने चित्रात मानाची जागा दिली. स्वतःचा आणि दोमेनिकोचा चेहरा मात्र त्याने एका कोपऱ्यात सारला. तिएपोलो शहर सोडून जाण्यापूर्वी तीन महिने, ऑगस्ट १७५३ मध्ये, नॉयमानचा मृत्यू झाला.

पावसाशी शर्यत

पुन्हा १९४५ कडे येऊ. बॉम्बहल्ल्यात नॉयमानची दगडी छते टिकली. जिन्यासह वाड्याच्या मध्यभागातील मुख्य दालने वाचली. बहुतेक मौल्यवान सामान आधीच हलवले होते. पण आता नवाच शत्रू समोर उभा होता. पाणी!

वर छप्पर नव्हते. पाऊस थेट कमानीच्या पाठीवर पडत होता. सच्छिद्र दगडातून झिरपलेले पाणी गिलाव्यापर्यंत पोहोचले, की तो फुगणार आणि रंगासकट गळून पडणार. हिवाळा आला आणि त्या पाण्याचे बर्फ झाले, तर सारेच संपले. बॉम्बला जे जमले नाही, ते एका हिवाळ्याने केले असते.

त्या उन्हाळ्यात जॉन डेव्हिस स्किल्टन हा अमेरिकन लेफ्टनंट व्युर्त्सबुर्गला आला. युद्धात सापडलेल्या कलाकृती वाचवण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी नेमलेल्या तुकडीतला हा अधिकारी. युद्धापूर्वी तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत काम करत असे. वर पाहताच धोका त्याच्या ध्यानात आला. छप्पर हवे आणि तेही थंडीपूर्वी!

पण लाकूड आणायचे कुठून? जिथे हजारो लोक तळघरांत आणि ढिगाऱ्यांत दिवस काढत होते, तिथे एकेक फळी मोलाची होती. स्किल्टनने नदीकाठी ओंडके शोधून काढले, ते मायन नदीतून शहराकडे आणवले, लाकूड कापणारी गिरणी सुरू करवली, खिळे आणि डांबरी कागद मिळवला आणि कामावर स्थानिक जर्मन कारागीर घेतले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांची माणसे एका इटालियन चित्रावर छप्पर घालू लागली. हिवाळ्याच्या आत छतावर तात्पुरते आच्छादन उभे राहिले आणि चित्र वाचले.

तुकडे जोडणारे हात

पुढची दुरुस्ती दशकानुदशके चालली. रोकोको शैलीतील आरसेमहाल पूर्णपणे नष्ट झाला होता. भिंतींवर बसवलेले रंगीत आरसे हलवता आले नव्हते. हाती होती फक्त जुनी छायाचित्रे, एक जलरंगातले चित्र आणि आरशाचा एक तुकडा. तेवढ्या आधारावर कारागिरांनी विसरलेले तंत्र पुन्हा आत्मसात केले. १९७९ साली सुरू झालेले हे काम १९८७ साली पुरे झाले. १९८१ साली वाड्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिएपोलोच्या छतचित्राची सखोल तपासणी आणि दुरुस्ती २००३ ते २००६ या काळात झाली.

नॉयमानलाही त्याचा मान मिळाला. १९९१ पासून युरोचे चलन येईपर्यंत जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर एका बाजूला त्याचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा हा जिना. वर्षानुवर्षे जर्मन गृहिणी भाजी-पावाचे पैसे देताना तो जिना हातात घेत होती.

आज रेझिडेन्झ हे संग्रहालय आहे. पर्यटक त्या ठेंगण्या दालनातून जिना चढू लागतात, मधल्या टप्प्यावर वळतात आणि मान वर करून थबकतात. नजर अपोलोवर जाते, हत्तीवर जाते, मगरीवर जाते. कमान कोणाला दिसत नाही. तिच्यावर कधीकाळी घातलेल्या फळ्यांचा तर आता मागमूसही नाही. कळसाकडे सगळे पाहतात, पायाकडे कोण पाहतो?

मात्र वर चढून युरोपच्या बाजूला नीट पाहिले, तर तोफेला रेललेला तो माणूस हमखास सापडतो. स्वतःच्या छताखाली तो निर्धास्त बसला आहे.