जबानीचा सौदा आणि सरकारची नजर

आम्ही पेढीवर बसू लागलो तेव्हा कापडाचा सौदा जबानीवर होत असे. भिवंडी-मालेगावचा मागवाला माल टाकून जाई, दलाल मुदत सांगे, आणि तीन महिन्यांनी पैसे मिळाले तरी विणकर शुक्र मानी. सरकारचे लक्ष दुसरीकडे होते. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने यंत्रमागावर काय विणू नये हे ठरवले. विक्रीकराचा जाच मात्र नव्हता. १९५७ च्या तडजोडीने राज्यांनी कापडावरचा विक्रीकर सोडला होता आणि त्याबदली केंद्र जादा अबकारी घेई. थोडक्यात, सरकार मागापाशी उभे होते, वहीपाशी नव्हते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि सरकार वहीपाशी येऊन बसले. आता ते उधारीचे दिवसही मोजते. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, हा नियम २००६ च्या कायद्यातलाच. पण त्याला कोणी जुमानत नव्हते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली. मुदत उलटून वर्षअखेरही बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरत नाहीत. ज्या वर्षी द्याल त्या वर्षी धरतात.

व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नाही. दुकानदार आमचे पैसे चार-चार महिने थकवतो आणि निव्वळ व्यापाऱ्याला या कायद्याचे संरक्षण नाही. काही खरेदीदारांनी तर नोंदणी असलेल्या कारखानदाराकडून माल घेणेच टाळले. तरीही कबूल करू या की, विणकराच्या पैशावर आपण वर्षानुवर्षे बिनव्याजी धंदा केला. सूतवाला त्याच्याकडून रोख मागत होता, वीजबिल थांबत नव्हते.

उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत. ती पाठ असूनही आम्ही चिठ्ठीवर भागवत आलो.

कारागीर बांधवांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. बिलावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि मुदत लिहावी. व्यापाऱ्यांनी तेवढीच मुदत कबूल करावी, जेवढी निभावता येईल. जबान पाळणाऱ्याला कागदाचे भय नसते.