पहिला हक्क कुणाचा? ग्रीलीच्या पाटाची गोष्ट

पाण्यावरून राज्याराज्यांत भांडणं होतात, तशी बांधाला बांध असलेल्या दोन भावांतही होतात. आजची गोष्ट अशाच एका भांडणाची आहे. ती घडली दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कोलोराडोत. त्यातून जो नियम पक्का झाला, तो तिथे आजही चालतो.

1870 साली 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे शेती संपादक नेथन मीकर यांनी 'युनियन कॉलनी' नावाची वसाहत उभारली. सभासद व्हायला 155 डॉलर भरायचे आणि गावात दारूला बंदी. गावाला नाव दिलं ट्रिब्यूनचे संस्थापक होरेस ग्रीली यांचं. जागा पूडर नदीच्या काठची, पण पाऊस वर्षाला जेमतेम 35 सेंटिमीटर. पाट काढल्याशिवाय शेती होणं शक्यच नव्हतं.

त्याच वर्षी गावासाठी पाट खोदला. तो 'क्रमांक तीन'. मग उत्तर काठावरच्या शेतांसाठी मोठा 'क्रमांक दोन'. ही मंडळी पावसाच्या मुलखातून आलेली, पाटाचा अनुभव कुणालाच नाही. पाट अरुंद पडले, पुन्हापुन्हा रुंद करावे लागले आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला.

पुढे हे पाट शेतकऱ्यांच्या कंपन्यांकडे आले. कंपनी म्हटलं की आपल्याला नफा आठवतो. इथे तसं नाही. शेअरवर लाभांश मिळतो तो पाण्याचा. ज्याचे जितके शेअर, तितकं त्याचं पाणी आणि दुरुस्तीची वर्गणीही त्याच हिशेबानं. पाटावर फिरून दारं उघडणारा, बंद करणारा पगारी माणूस असतो. आपल्याकडे त्याला पाटकरी म्हणतात. पाणी कमी आलं तर प्रत्येकाचं त्याच प्रमाणात कमी होतं.

कंपनीच्या आत हा हिशेब सोपा. पण एकाच नदीवर दोन कंपन्या असल्या तर काय?

1872 साली नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्स इथे नवी वसाहत आली. तिथलं लष्करी ठाणं पाच वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. नव्या लोकांनी आपले पाट काढले. 1874 च्या उन्हाळ्यात नदी आटली, वरच्यांनी पाणी उचललं आणि ग्रीलीचे पाट कोरडे पडले. टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुलैमध्ये दोन्ही बाजू एका शाळेत बसल्या. ग्रीलीकरांचं म्हणणं, आम्ही आधी आलो, पाणी आधी आमचं. वरच्यांचं म्हणणं, नदी आमच्या दारातून वाहते. रायफली काढायची भाषा झाली. अखेर वरच्यांनी थोडं पाणी सोडायचं कबूल केलं, म्हणून गोळी सुटली नाही.

दोनच वर्षांनी, 1876 मध्ये, कोलोराडो राज्य झालं. राज्यघटनेत लिहिलं गेलं की नदीचं पाणी जनतेचं आहे, मात्र ते वापरण्याचा अग्रहक्क ज्यानं आधी वापरलं त्याचा. 1879 च्या कायद्यानं नदीवर देखरेखीला सरकारी अधिकारी आले. 1882 साली 'लेफ्ट हँड डिच कंपनी'च्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जमीन नदीकाठी आहे एवढ्यानं पाण्यावर पहिला हक्क येत नाही.

मी सैन्यात होतो, म्हणून मला हा नियम सेवाज्येष्ठतेसारखा वाटतो. प्रत्येक पाटाला तारीख आणि ठरलेले क्युसेक. टंचाईत ज्येष्ठ पाटानं मागणी केली की कनिष्ठाचं दार बंद, मग तो वर असो की खाली. ज्येष्ठाचं पुरं झाल्यावर उरेल ते पुढच्याला. आणि गंमत म्हणजे ग्रीलीचा नंबरही पहिला नव्हता. 1860 च्या दशकात वरच्या खोऱ्यात काही शेतकऱ्यांनी छोटे पाट काढले होते. ग्रीलीच्या नियमानं ग्रीलीही त्यांच्या मागे गेली.

पण 'आधी' मोजायचं कुठून? या मैदानांवर अरापाहो आणि शायान लोक राहत होते. 29 नोव्हेंबर 1864 ला सँड क्रीक इथे कोलोराडोच्या स्वयंसेवक सैनिकांनी त्यांच्या तळावर हल्ला करून सुमारे 230 माणसं मारली. त्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. मी याला लढाई म्हणू शकत नाही. उरलेल्यांना करार करून दक्षिणेला हलवलं. ग्रीलीची तारीख सुरू होते ती यानंतर. स्वतः मीकर पुढे यूट लोकांवर सरकारी अधिकारी म्हणून गेले. त्यांच्या घोड्यांच्या कुरणात नांगर घालायचा हट्ट धरला आणि 1879 च्या उठावात मारले गेले. शिक्षा म्हणून यूटांनाही तिथून हाकललं.

1908 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोंटानातल्या 'विंटर्स' खटल्यात मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशांचा पाणीहक्क मान्य केला. त्यानंतर हा हक्क राखीव प्रदेश स्थापन झाल्याच्या तारखेपासून धरू लागले. म्हणजे ज्यांना आधीच हाकललं होतं, त्यांच्या वाट्याला पूडरच्या यादीत काहीच आलं नाही.

याच कोलोराडोच्या दक्षिणेला सॅन लुईस गावात स्पॅनिश भाषिकांचा 1852 चा पाट आहे. राज्यातला सर्वांत जुना पाणीहक्क त्याचाच. त्या लोकांची मूळ रीत तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. म्हणजे दुसरा मार्ग शेजारीच होता.

आज ग्रीलीच्या जुन्या पाटांतून पाणी वाहतंय. पण त्या भागात शहरं शेतकऱ्यांकडून जुन्या तारखांचे शेअर विकत घेतात. पाणी नळाला जातं आणि जमीन कोरडी पडते. तारीख विकली की परत मिळत नाही.

आपल्याकडेही पाणीहक्कांच्या खरेदी-विक्रीची चर्चा अधूनमधून होते. तुमच्या गावात ती निघाली, तर दोन प्रश्न नक्की विचारा. यादी कोणत्या तारखेपासून धरणार? आणि त्या तारखेआधी तिथे कोण होतं?