कंस ऐकू येतो तेव्हा

नववीचा बीजगणिताचा तास. बाई फळ्यावर लिहिता लिहिता म्हणतात, ‘एक्स अधिक दोन, भागिले तीन.’ सगळा वर्ग माना खाली घालून उतरवून घेतो. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र हात वर करते. तिला दिसत नाही. ‘बाई, तीनाने कुणाला भागायचं? नुसत्या दोनाला, की सगळ्याला?’

हा प्रश्न किती खोल आहे बघा. एक्सची किंमत ४ धरा. सगळ्याला भागलं तर उत्तर २, नुसत्या दोनाला भागलं तर चार पूर्णांक दोन तृतीयांश. फळ्यावर हा फरक एका आडव्या रेघेत असतो, ती किती लांब ओढली यात. रेघ डोळ्यांना दिसते, पण आवाजात तिचा मागमूसही नाही! म्हणून बाई पुन्हा म्हणतात, ‘कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, भागिले तीन. एक्सची किंमत चार.’

आता त्या मुलीच्या हातांकडे पाहू या. पुढ्यात ब्रेल पाटी, पाटीत अडकवलेला जाड कागद, मुठीत टोकदार स्टायलस. प्रत्येक घरात टिंबांच्या सहा जागा: दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. एवढ्याशा घरातून ६३ वेगवेगळ्या खुणा निघतात. लुई ब्रेलने ही लिपी १८२४च्या सुमारास पॅरिसमध्ये आकाराला आणली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. म्हणजे जवळपास या वर्गातल्या मुलांएवढाच. आपल्याकडे १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठी ‘क’ आणि बंगाली ‘क’ कागदावर कितीही वेगळे दिसोत, बोटांखाली दोन्ही एकच.

स्टायलसने टोचलं की टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठतं. वाचायचं ते कागद उलटून. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं! ब्रेलमधली ‘इ’ उलटी केली की ‘ए’ होते. म्हणजे ‘इ’ उमटवायची तर हाताने ‘ए’ची आकृती टोचायची. ही उलटापालट ती मुलगी गणित सोडवता सोडवता, बाईंचं बोलणं ऐकता ऐकता करत असते.

आणखी एक गंमत. ‘कि’ लिहिताना आपण पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतो, म्हणतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. तोंडातून निघतं त्याच क्रमाने. आपल्या देवनागरीत दडलेली ही गाठ बोटांनी वाचणाऱ्याला कधी सोडवावी लागत नाही.

दिव्यांग मुलांनी सर्वांबरोबर एकाच वर्गात शिकावं, असा आग्रह २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने धरला आहे. त्यासाठी ब्रेल पुस्तकं हवीत, विशेष शिक्षक हवेत, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ हवा. यातलं काहीच टाळता येणार नाही. पण वर्गातली एक मोठी सोय बाईंच्या जिभेवर आहे. ‘हे इथून तिथे नेलं’ याऐवजी ‘अधिक दोन उजव्या बाजूला नेले, ते वजा दोन झाले’ असं म्हणणं. याला एक पैसा लागत नाही. लागते ती आपण काय शिकवतोय याची स्वच्छ जाण. मागच्या बाकावरून फळा अर्धवट दिसणाऱ्या मुलालाही तेच वाक्य हवं असतं. ज्याने रेघ आखूड ओढली होती, तोही आता खोडरबर शोधू लागतो.

तोवर तिचं लिहून झालेलं असतं. ती कागद काढते, उलटते, बोट फिरवते. अंकाची खूण, आणि तिच्या शेजारी एकाखाली एक उठलेली दोन टिंबं.

‘बाई, दोन.’