टायर घेताना ब्रँडच्या आधी साइडवॉल वाचा!

गाडी पोलो जीटी असो की ऑक्टाव्हिया, रस्त्याला टेकतात ते टायरचे तळहाताएवढे चार तुकडे. ब्रेक, वळण, सगळं त्यांच्यावरच.

समजा टायरवर लिहिलंय २०५/५५ आर १६ ९१ व्ही. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, एच असेल तर २१०. 'एवढ्या वेगाने इथे कोण पळवतंय?' असं दुकानदार म्हणेलच. पण वेगाबरोबर टायर तापतो आणि ती उष्णता सोसण्याची ताकद याच अक्षरात दडलेली असते. कंपनीने दिलेल्या रेटिंगच्या खाली उतरू नका.

'ट्रेडवेअर' आकडा २०० च्या आसपास असेल तर रबर सहसा मऊ, पकड जबरदस्त, पण झीजही लवकर. ४०० च्या पुढचे जास्त टिकतात. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना त्यावर करू नका. ट्रॅकसाठीचे कमी खाचांचे टायर पावसाळ्यात बोरघाटात नकोतच. पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात, नाहीतर गाडी पाण्यावर तरंगते.

डॉट कोडचे शेवटचे चार आकडेही बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला टायर डिस्काउंटमध्ये 'नवा' म्हणून गळ्यात मारत असतील, तर सरळ नाही म्हणा.

आणि दोनच बदलणार असाल, तर नवे मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं आधी घसरली, तर गाडी गरकन फिरते.